जानेवारीच्या पानावर मी

आई मला ‘बाई’ म्हणायला लागली तेव्हा आधी मला रागच आला. मी तिची पोटची मुलगी. नोकरी सोडून नारपोलीतल्या या दोन खोल्यांत तिचं न्हाणंधुणं, औषधपाणी बघणारी. आणि ही मला विचारते, "बाई, तू कवा जाशील तुझ्या घरी? पोरं वाट बघत असतील ना." माझं लग्नच झालेलं नाही, पोरं कुठली! काल्हेरला राहणारा भाऊ अधूनमधून डझनभर केळी घेऊन येतो, त्याला मात्र ती दारातच ओळखते. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. मला ते ऐकूनच घ्यायचं नव्हतं. बाकी सगळ्यांना विसर म्हणावं, पण मला नाही.

एक सवय मात्र तिच्यात शाबूत होती. सकाळी चहाआधी ती भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभी राहायची आणि बोट फिरवत चतुर्थी कधी, एकादशी कधी ते वाचायची. वाचलेलं लगेच विसरायची, पण छापलेल्यावर तिचा विश्वास होता. आज गुरुवार आहे असं मी सांगितलं तर पटायचं नाही. कॅलेंडरात दिसलं की पटायचं. मग ठरवलं, आपणच कॅलेंडरावर जाऊन बसायचं.

गल्लीच्या तोंडाशी बॅनर छापणाऱ्याचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर. मोबाईलमधले फोटो घेऊन मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि त्याचं डोकं खाल्लं. प्रत्येक महिन्याला घरातल्या माणसांचा एक फोटो, खाली ठळक अक्षरांत नातं: तुझा मुलगा, तुझी नात. तिथी हव्यात, चतुर्थी हवी. आणि लाल रंग शुक्रवारला.

"दीदी, लाल तो संडे होता है," तो म्हणाला.

"आमच्या घरी नाही होत." बाबा आयुष्यभर लूमवर, कापडाच्या मागावर होते. लूमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमच्याकडे मटण आणि पाहुणे शुक्रवारीच. रविवार हा आईच्या लेखी एक साधा वार होता.

जानेवारी मी माझ्यासाठी ठेवला. वर्ष उघडलं की आधी मी दिसायला हवी. पण माझा फोटोच सापडेना. घरातल्या प्रत्येक कार्यात मोबाईल माझ्या हातात, त्यामुळे फोटोत मी कुठेच नाही. शेवटी बँकेसाठी काढलेला एक मिळाला, ओठ मिटून समोर रोखून बघणारा. तोच मोठा करायला सांगितला आणि खाली लिहायला लावलं: तुझी लेक.

कडेला कुठलं डिझाइन टाकू, त्यानं विचारलं. पडद्यावर झेंडूच्या माळा दिसल्या आणि मला आईचे हात आठवले. दसऱ्याला लूमच्या पूजेसाठी ती पहाटे उठून झेंडूचे हार ओवायची, बाबा ते ओल्या फडक्यात गुंडाळून कारखान्यात न्यायचे. ही माळ बघून तिला काहीतरी आठवेल असं मला वाटलं.

"हीच टाका," मी म्हटलं. "सगळ्या पानांवर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "जनवरी में भी?"

"जनवरी में पहले," मी जवळजवळ खेकसलेच त्याच्यावर.

एक तारखेला सकाळी जुनं कॅलेंडर उतरवून त्याच खिळ्याला नवं लावलं. देवाला जोडतात तसे त्या भिंतीला हात जोडले. इतकी लाचार मी कधी कुणापुढे झाले नव्हते. आई आली, नेहमीसारखी उभी राहिली. चतुर्थी शोधायला निघालेलं बोट वर सरकलं, माझ्या कपाळावरून, गालावरून फिरलं.

"ही माझी लेक हाय," ती म्हणाली.

मी तिच्या मागेच उभी होते. मला रडूच फुटलं. "हो गं आई, तुझीच लेक," म्हणत मी पुढे होणार, तोच ती मटकन खाली बसली आणि ऊर बडवायला लागली.

"गेली गं माझी पोर! कवा गेली? मना कोनी सांगितला पन न्हाय!"

मी पानाकडे पाहिलं. एकटा चेहरा, न हसणारा, भोवती झेंडूचा हार. बाहेरच्या खोलीत बाबांचा फोटो अगदी असाच टांगलेला आहे. पुढच्या पानांवर घोळके होते, हसणारी तोंडं होती. तिथं तीच माळ लग्नाच्या तोरणासारखी दिसत होती. माझ्या पानावर ती तशी दिसणार नाही, हे त्या दुकानदाराला कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

कॅलेंडर ओढून काढलं, तिच्यासमोर बसले, तिचे हात धरले. "आई, मी जिवंत आहे. मीच ती. बघ ना माझ्याकडे." ओरडले, विनवलं, फोटो गालाशी धरून दाखवला. तिनं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. छापलेल्यापुढे माझं काय चालणार!

मग तिनं पदरानं माझे डोळे पुसले.

"रडू नको, बाई," ती म्हणाली. "तुझी कोन लागत व्हती ती?"