सिस्टरांची गच्ची

धाराशिवच्या कोर्टात माझी बदली झाली, त्या वर्षी मी बाजारातल्या नर्सरीतून एक निवडुंग विकत आणला. खाली हिरवा दांडा आणि त्यावर कलम केलेला लालभडक गोळा. माझं माहेर अणदूरचं. तिथं निवडुंग म्हणजे बांधावरचं कुंपण. ते कुंडीत लावून टेबलावर ठेवायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे, हे माझ्या आईला काही केल्या पटेना. मी मात्र त्याला जीव लावला. रोज ऑफिसला निघण्याआधी कपभर पाणी घालायची. थोड्याच दिवसांत दांडा बुडाशी मऊ पडला आणि एका बाजूला कलंडला.

ऑफिसमधल्या एका बाईंनी सांगितलं, "सिस्टरांकडं न्या. त्यांचं मंडळ आहे निवडुंगवाल्यांचं."

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आखूड केस, सुती साडी, आवाज अजून वॉर्डात असल्यासारखा खणखणीत. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. खाली दोन खोल्या आणि वर ही भली मोठी गच्ची. गच्चीवर हिरवी जाळी ताणलेली आणि जाळीखाली, जिथं नजर जाईल तिथं, काटे. गोल, लांब, चपटे, केसाळ, पांढऱ्या कापसात गुंडाळल्यासारखे. मी दारातच थांबले.

त्यांनी माझी कुंडी उलटी केली, मुळांचा वास घेतला आणि म्हणाल्या, "पाण्यानं गेलं हे. लई माया केली तुम्ही."

मग स्पिरिटनं ब्लेड पुसलं, सडलेला दांडा कापून टाकला, वरचा लाल गोळा एका नव्या दांड्यावर नेमका बसवला आणि रबरबँडनं बांधला. "झालं ऑपरेशन. आता मी सांगेपर्यंत पेशंटला हात लावायचा न्हाय," असं म्हणून कुंडी स्वतःकडंच ठेवून घेतली. माझ्यावर विश्वास नव्हता त्यांचा. ती कुंडी परत न्यायला गेले, त्या रविवारी मंडळाची बैठक होती, आणि मी त्यात अडकले ती आजतागायत.

बैठक म्हणजे काय, तर महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घ्यायचा आणि मातीवरून भांडायचं. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात ही झाडं कुजतात. मग वाळू किती, विटांचा चुरा किती, कोळसा घालायचा की नाही, यावर बेकरीवाले दादा आणि एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका हमरीतुमरीवर यायचे. सिस्टर दोघांचं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तुमचं झाड जगलंय का? मग तुमची माती बरोबर." वाद तिथंच मिटायचा. त्यांच्याकडं कुणी रिकाम्या हातानं गेलं तरी रिकाम्या हातानं परत येत नसे. झाडाला फुटलेली पिल्लं कागदात गुंडाळून त्या पिशवीत टाकायच्या.

त्यांच्या डोळ्यांचं आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. लेबलवरची बारीक अक्षरं त्या वाचायच्या, सुईत दोरा ओवायच्या. पण चालताना कडेच्या कुंड्यांना धक्के लागायला लागले. "कुणी ठेवली ही वाटेत?" असं म्हणायच्या, आणि कुंडी तर वर्षानुवर्षं तिथंच असायची. शेजारी उभं राहिलं तर त्यांना पत्ता नसायचा. हाक मारली की दचकायच्या. पुढं पुढं लेबलं वाचायचं काम त्या मला सांगू लागल्या. चष्म्याचा नंबर बदलायचाय, म्हणायच्या.

एका सकाळी मी गच्चीवर गेले, तर त्या एका मोठ्या मॅमिलेरियाला पाणी घालत होत्या. हा दाट बारीक काट्यांचा गोल निवडुंग त्यांनी बियांपासून वाढवलेला. तो मेला होता. आतून पोकळ होऊन करडा पडलेला, लांबूनही कळत होतं. मी दोन पावलं अलीकडंच थांबले.

"बोल की," त्या म्हणाल्या. तोवर मला त्या अगं-तुगं करायला लागल्या होत्या. "गप का झालीस? मेलंय ना ते?"

"व्हय, सिस्टर."

त्यांनी झारी खाली ठेवली आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. "काचबिंदू हाय. सोलापूरला दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं न्हाय, उरलंय तेवढं थेंबांवर सांभाळू." मग चष्मा काढून हातात घेत, "जन्मभर लोकांच्या डोळ्यांत थेंब घातले गं मी. माझे तपासावेत असं कधी मनातसुद्धा आलं न्हाय."

त्या रडल्या नाहीत. मेलेलं झाड कुंडीतून उपटलं आणि म्हणाल्या, "कुंडी धुऊन उन्हात ठेव. दुसऱ्याला व्हईल."

बातमी मंडळात पसरली. पुण्याहून मुलाचा फोन आला. बेकरीवाल्या दादांशी बोलला. आईला घेऊन जायचंय, फ्लॅटला गच्ची नाही, झाडांचं काय करायचं ते तुम्हीच बघा, असं. मुलगा चांगला आहे, त्याची काळजी खोटी नव्हती. पायऱ्या चढताना आई पडली तर, हा त्याचा प्रश्न होता. सगळ्यांनी मिळून ठरवलं की झाडं आपापसांत वाटून घ्यायची, सांभाळायची. हे आम्ही त्यांच्यामागं ठरवलं. ड्रायव्हरकाकांनी भाच्याचा टेम्पो मागून आणला. रविवारी सकाळी टेम्पो दारात उभा करून आम्ही सगळे वर गेलो.

सिस्टरांनी टेम्पोचा आवाज ऐकला होता. खुर्चीत बसून त्या आमची वाटच बघत होत्या.

"न्यायला आलात?"

काका पुढं होऊन म्हणाले, "सिस्टर, तुमच्याच झाडांसाठी. तुम्हाला दिसंना, तर त्यांचे हाल होतील."

"खरंय," त्या म्हणाल्या. "पण न्यायच्या आधी एक एक माझ्या हातात द्या. बघू तर काय काय हाय."

दादांनी पहिली कुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटाची मागची बाजू काट्यांवरून हळूच फिरवली, जशी तापलेल्या कपाळावरून फिरवतात. "गोल्डन बॅरल. पाटीलवाडीच्या बाईंनी दिलेला. बारीक हुता तवा." पुढची कुंडी. "ही हावर्थिया. हिला काटे न्हायत, पानाला खडे असल्यागत लागतंय." एकामागून एक कुंडी येत होती आणि त्या सांगत होत्या: नाव, कुणाकडून आली, कधी आजारी पडली, कुठल्या बाजूनं पिल्लू फुटतं. एकदोनदा चुकल्या. एकाला दुसरंच नाव दिलं, आणि काकांनी सांगितल्यावर खळखळून हसल्या. "मग याला दोन नावं." एका झाडाच्या बुडाशी मात्र त्यांची बोटं थांबली. "हे मऊ लागतंय बुडाला. कुजायला लागलंय, बघ." मी कुंडी उचलून पाहिली. वरून झाड हिरवंगार होतं. खाली नखाएवढा एक ठिपका मऊ पडलेला. आम्हां डोळसांपैकी कुणालाही तो दिसला नव्हता.

मग त्या उठल्या. "आता मी सांगते ते ऐका. ही ससाकान तेवढी घेऊन जा." म्हणजे सशाच्या कानांसारखा चपटा निवडुंग, अंगावर केसांसारखी कुसळं, जी बोटात घुसली की दिसतही नाहीत आणि निघतही नाहीत. "ती मला आता परवडायची न्हायत. आकड्यासारख्या काट्यांची झाडं पार मागं ठेवा, माझा हात पोचणार न्हाय तिथं. बाकी सगळी इथंच राहतील. मी बी इथंच राहणार. पोराशी मी बोलते."

"आणि पायऱ्या?" दादांनी विचारलं.

"पायऱ्यांना कठडा लावा. इतके जण आलाय, हात कशाला बांधून उभे?"

त्या दिवशी टेम्पोनं झाडांऐवजी लोखंड वाहिलं. काकांनी भंगारातून पाइप आणले, दादांच्या ओळखीचा वेल्डर आला. पायऱ्यांना कठडा झाला. कुंड्या जमिनीवरून उचलून कमरेइतक्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर गेल्या. मधल्या वाटेनं सुतळी ताणली, आणि प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणं गाठी मारल्या. संध्याकाळपर्यंत आमचे हात काट्यांनी भरले होते आणि सिस्टर सुतळी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आल्या होत्या. कुणाच्याही आधाराशिवाय.

मुलगा पुढच्या आठवड्यात आला. दिवसभर आईच्या मागं मागं फिरला. जाताना माझ्याजवळ फोन नंबर देऊन म्हणाला, "काही वाटलं तर लगेच कळवा." माझ्यावर अजून तशी वेळ आलेली नाही. थेंब घालायला रोज संध्याकाळी शेजारची सून येते. पाणी घालायचा दिवस सिस्टरच ठरवतात, मातीत बोट खुपसून. त्यांनी एकटीनं कलम करायचा प्रयत्न केला तेव्हा अंगठा कापून घेतला, तेव्हापासून ब्लेड मी धरते आणि त्या सांगतात. सुरुवातीला माझी कलमं धरत नसत. त्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. "घासलंस. कापायला सांगितलं हुतं."

मी पुष्कळ माणसं पाहिली. कोर्टात तर रोज पाहते. कुणाचं काही गेलं की ते कसं गेलं, कुणामुळं गेलं, यातच माणूस अडकून पडतो. सिस्टर त्या वाटेला गेल्या नाहीत. एवढं मोठं काही हातातून सुटत असताना त्यांनी कुठल्या झाडाला कुठं ठेवायचं याचा विचार केला. मला ते जमेल की नाही, ठाऊक नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला मंडळ येरमाळ्याकडच्या माळावर गेलं. तिथं खडकांच्या फटीत माकडशिंग उगवतं. बोटाएवढे चौकोनी हिरवे दांडे, पानं नाहीत, काटेही नाहीत. सिस्टरांचं गाव तिकडचंच. बाकीचे चढ चढून पुढं गेले, त्या आणि मी खालीच एका दगडावर बसलो. मी एक झुबका शोधून त्यांचा हात त्यावर नेला. त्यांनी एक दांडा खुडला, साडीच्या पदराला पुसला आणि पर्समधून मिठाची पुडी काढली. ती त्यांनी घरूनच आणली होती.

"आई याची भाजी करायची," त्या म्हणाल्या. "कडू लागंल. खाऊन बघ."

कडू होतं, आणि करकरीत. मी तोंड वाकडं केलं ते त्यांना न दिसताच कळलं असावं, कारण त्या हसल्या.

"फूल आलंय का?"

"आलंय. अगदी बारीक. तपकिरी."

"तपकिरी कसं असंल? नीट बघ. उन्हाकडं धरून बघ."

मी वाकून पाहिलं. पाकळीच्या कडेला जांभळी झाक होती, आणि बारीक लव. तसं त्यांना सांगितलं.

"हां," त्या म्हणाल्या, "ते बरोबर," आणि दुसरा दांडा मिठाला लावला.