धंद्याच्या रकान्यात

अण्णा गेल्यावर नवव्या दिवशी मी त्यांच्या मृत्यूची नोंद करायला कचेरीत गेलो. कारकुनाने नाव विचारले, वय विचारले, गल्ली विचारली. मग मान वर न करता म्हणाला, "धंदा?"

"विणकर," मी म्हणालो.

त्याने लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याच्या लेखी ते तिथेच संपले. मला मात्र घरी येईपर्यंत दुसरे काही सुचले नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका रकान्यात हा शब्द लिहायचे मी टाळले होते, आणि त्यामुळे अण्णांची आयुष्यातली एक मोठी इच्छा कितीतरी वर्षे अडून राहिली होती. ते त्यांना कधीच कळले नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. वडील लवकर वारले, तेव्हा बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरच्या मागावर अण्णा बसले, म्हणून मी शाळेच्या बाकावर बसू शकलो. पुढे मी निपाणीला शाळामास्तर झालो. तिथे कोणी घरची चौकशी केली, तर "आमचा कापडाचा व्यवसाय आहे" असे सांगत असे. त्यात खोटे काही नव्हते. पण खरेही मी कधी सांगितले नाही.

अण्णांना मोटारीचे वेड होते. तरुणपणी ते लुगड्यांचे गठ्ठे घेऊन संकेश्वर आणि निपाणीच्या बाजारांना उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने जात. ड्रायव्हरच्या शेजारची जागा मिळावी म्हणून तास तास आधी जाऊन बसत. त्या ड्रायव्हरनेच संकेश्वरच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांना गाडी हाकायला शिकवले. तो तापाने फणफणलेला असताना अण्णांनी दोन-तीनदा भरलेली मोटार बेळगावपर्यंत आणली होती. त्याबद्दल कोणाकडून एक पैसुद्धा घेतली नव्हती. उलट, मोटार हाकायला मिळाली म्हणून त्यांनीच ड्रायव्हरला चहा पाजला होता.

त्याच काळात कधीतरी त्यांनी साहेबांची शर्यत पाहिली. कॅम्पातल्या साहेब लोकांचा एक मोटार क्लब होता. दर हिवाळ्यात पिरनवाडीच्या पुढच्या माळावर तो हौशी चालकांची अजिंक्यपदाची शर्यत भरवी. माळाभोवती दोर बांधलेला असे. दोराच्या आत मोटारी, बाहेर आम्ही लोक. अण्णा दरवर्षी चालत जात आणि संध्याकाळी धुळीने माखून परत येत. एकदा वहिनींनी विचारले, "काय मिळतंय तिथं उनात हुबा ऱ्हाऊन?"

"कायबी न्हाय," अण्णा म्हणाले. "पर एकदा त्या दोराच्या आत जायाचं हाय."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले, की वहिनी हसल्यासुद्धा नाहीत.

मोटार मिळाली तीही लुगड्यांच्या बदल्यात. कॅम्पातल्या एका साहेबाची बदली झाली. त्याच्याकडे दोन माणसांची एक उघडी, बंद पडलेली गाडी होती, आणि मेमसाहेबाला पडद्यांसाठी रेशीमकाठाची लुगडी हवी होती. सहा लुगड्यांवर सौदा ठरला. चार माणसांनी ढकलत ती आमच्या गल्लीत आणली. अण्णांनी वर्षभर खपून ती चालू केली. पण सकाळी ती बाहेर काढता येत नसे. आमच्या गल्लीत सकाळी घराघराचे ताणे पसरलेले असत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचे, त्याला खळ लावायची, कुंच्याने साफ करायचे आणि वाळू द्यायचे. ताणे उचलेपर्यंत अण्णा मोटारीत नुसते बसून राहत.

"काय रं, मोटारीलाबी खळ लावलीस व्हय?" समोरचे म्हातारे विचारत.

"लावलीया, आप्पा. वाळायची वाट बघतोय."

मी एकदा विचारले होते की इतकी वळणे घेताना भीती कशी वाटत नाही. ते म्हणाले, "मागाच्या खड्ड्यात बसल्यागतच हाय रं. पाय खाली, हात वर, नजर म्होरं. पायानं काय केलं ते हाताला आपसूक कळतंय." मी ते ऐकून घेतले. पुस्तकातली असली वाक्ये मी वहीत उतरवून ठेवत असे. हे ठेवले नाही.

एका वर्षी क्लबाने जाहीर केले, की गाववाल्यांनाही शर्यतीत भाग घेता येईल. युद्धाच्या थोडे आधीची गोष्ट. अण्णा कॅम्पात जाऊन अर्जाचा कागद घेऊन आले आणि मी सुटीवर येईपर्यंत त्यांनी तो वहिनींच्या लुगड्यांच्या घडीत जपून ठेवला. कागद इंग्रजीत होता. मी पाटावर बसून भरू लागलो. अण्णा समोर मांडी घालून बसले होते, माझ्या टाकाकडे पाहत.

नाव लिहिले. पत्ता लिहिला. मग धंद्याचा रकाना आला.

तिथे मी थांबलो. कॅम्पातल्या त्या साहेबांनी हा कागद हातात धरला आहे, एकमेकांना दाखवून ते हसत आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यांना हसू येईल ते अण्णांचे, असे मी मनाला सांगितले. खरे तर मी माझीच लाज राखत होतो. त्या काळी मोटार ड्रायव्हर म्हणजे मानाचा माणूस. खाकी कोट, टोपी. बाजारात लोक त्याला वाट करून देत. आणि अण्णांनी सर्व्हिस मोटार हाकली होतीच. मी लिहिले, मोटार ड्रायव्हर.

"झालं?" अण्णांनी विचारले.

"झालं."

पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही अशी माझी ख्याती होती. त्या अर्जाची मागची बाजू मात्र मी उलटून पाहिली नाही.

दोन आठवड्यांनी उत्तर आले. मी तेव्हा घरीच होतो. अण्णा मागावरून उठून आले, हात पुसून उभे राहिले. वहिनी चुलीपाशी होत्या. पत्र चार ओळींचे होते. शर्यत हौशी लोकांसाठी आहे. पगार घेऊन मोटार हाकणाऱ्यांना नियमाप्रमाणे प्रवेश देता येत नाही. अर्जाच्या मागे हा नियम छापलेला आहे.

मी ते दोनदा वाचले.

"काय लिवलंय रं?"

"जागा भरल्या म्हणतात, अण्णा."

घरात इंग्रजी येणारा मी एकटा होतो. अण्णांनी कागद हातात घेतला, वरच्या बाजूची छापील मोटार पाहिली आणि घडी करून परत दिला. "आपला अर्ज मागनं पोचला असंल," ते म्हणाले. "पुढच्या वर्साला लवकर धाडू." आणि मागावर जाऊन बसले. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा आवाज नेहमीसारखाच येत राहिला.

शर्यतीला अजून दहा-बारा दिवस होते. माझे भाऊ विणकर आहेत, चूक माझी झाली, एवढे दोन ओळींत कळवले असते तरी भागले असते. कॅम्प आमच्या घरापासून चालत तासाभराच्या आत. पण क्लबाला खरे सांगितले, की ते अण्णांनाही सांगावे लागणार होते. मी तो शब्द का लिहिला नाही, तेही सांगावे लागणार होते. मी निपाणीला निघून गेलो. शर्यतीच्या दिवशी अण्णा माळावर गेले आणि दोराबाहेर उभे राहिले, असे मला नंतर कळले.

पुढच्या वर्षी शर्यत झालीच नाही. युद्ध सुरू झाले होते. पेट्रोल मापून मिळू लागले, मोटार गोणपाटाखाली गेली. सुताचीही टंचाई आली. अण्णांचे डोळे बारीक काम करून आधीच कमजोर झाले होते. त्या वर्षांत ते आणखी अधू झाले. सुई ओवायला ते मुलीला हाक मारू लागले. मी सुटीवर जाई तेव्हा ते गोणपाट उचलून मोटार दाखवत, चाकाला हात लावत. आता सांगावे असे प्रत्येक वेळी मनात येई, आणि मी शाळेच्या गोष्टी काढत असे.

साहेब लोक देश सोडून जायच्या आधीच्या शेवटच्या हिवाळ्यात क्लबाने पुन्हा शर्यत जाहीर केली. अण्णा कागद घेऊन निपाणीला माझ्या खोलीवर आले. या वेळी मी विणकर लिहिले. मग कागद उलटला आणि मागचे नियम त्यांना एकेक करून मराठीत वाचून दाखवले. का वाचले, माहीत नाही. कदाचित त्यांनीच ओळखावे अशी माझी इच्छा असेल. पगारी चालकांचा नियम मी दोनदा वाचला.

अण्णा हसले. "मग आपल्याला काय भ्या? आपल्याला कोण पगार देतोय?"

शर्यतीच्या दिवशी आमची अर्धी गल्ली माळावर आली होती. आठ मोटारी होत्या. अण्णांची सगळ्यांत जुनी. त्यांनी धुतलेले धोतर सोडून कोणाची तरी विजार घातली होती आणि ती त्यांना आखूड होत होती. दोर ओलांडताना त्यांनी तो हाताने वर उचलला, खालून वाकून आत गेले, आणि मग पुन्हा एकदा वळून दोराकडे पाहिले.

बारा फेऱ्या होत्या. पहिल्या तीन फेऱ्यांत अण्णा चौथे होते.

"मास्तर, तुमचा अण्णा धोट्यागत पळतोय की," आमच्या घरासमोरचे म्हातारे मला म्हणाले.

"धोटा परत येतोय, आप्पा. ह्यो येतोय का बघा आधी," मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले.

वळणावर ते सुंदर जात होते, ते मलाही कळत होते. पण धूळ उडाली, की त्यांना समोरचे दिसत नसावे. प्रत्येक धुळीपाशी त्यांची मोटार मंद होई. एकामागून एक दोघे पुढे गेले. शेवटी अण्णा सहावे आले. उतरले तेव्हा डोळे लाल झाले होते, आणि चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्याने त्याकडे पाहवेना.

नंतर एका साहेबाने सगळ्या चालकांची नावे आणि धंदे वाचून दाखवले. कोणी लष्करातला, कोणी डॉक्टर, कोणी तंबाखूचा व्यापारी. अण्णांचे नाव आले आणि पुढे त्याने वाचले, हातमागाचा विणकर, शहापूर. साहेबांच्या तंबूतून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत हसणे नव्हते. मी नीट कान देऊन ऐकले, नव्हते.

परत येताना अण्णांनी मला शेजारी बसवले. पिरनवाडी मागे पडल्यावर ते म्हणाले, "त्या वर्साला जागा मिळाली असती न्हवं, तर आपुन जिंकलो असतो. डोळं तवा बरं हुतं."

मी म्हणालो, "व्हय, अण्णा."

"असू दे. दोराच्या आत गेलतो."

सांगायला त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि पंधरा दिवसांत ते गेले.

महिना उलटल्यावर मी पुन्हा शहापूरला गेलो. वहिनी सकाळी गल्लीत ताण्याला खळ लावत होत्या. मी उभ्या उभ्याच त्यांना सगळे सांगितले. रकाना, पत्र, मी वाचलेले खोटे. त्यांचा कुंचा थांबला नाही.

"जागा भरल्या म्हणालतासा तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्या सांजंला ते जेवलं न्हाईत. पोटात दुखतंय म्हणालं." मग बराच वेळ त्या सुतावर वाकून होत्या. "हे मला कशाला सांगताय आता, भावजी? त्यास्नी सांगायचं हुतं."

त्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे मान केली. "त्यो शेवट ढिला पडलाय. जरा ताणून धरा. सूत वाळाय लागलंय."

मी जाऊन ते टोक धरले. बोटांना खळ लागली. ताणा वाळेपर्यंत तिथेच उभा राहिलो. वहिनींनी एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.