भिंतीपलीकडच्या कुटुंबासोबत नावड्याला

हे लिहायचं मी किती वर्षं ढकलतोय, विचारू नका. गोव्याचं लिहिलं, हंपीचं लिहिलं, एकदा तर नुसत्या ओतूरच्या मिसळीवर पानभर खरडलं. पण नवी मुंबईच्या त्या सहलीपाशी आलं की हात आखडायचा. कारण साधं आहे. त्या सहलीत मी बहुतेक वेळ घाबरलेलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाचं प्रवासवर्णन कोण वाचणार? पण मी उतरलो होतो ती गल्ली आता तशी राहिली नाही म्हणतात. म्हणून लिहून टाकतो.

नव्वदीचं दशक. मी विशीतला, दहावीला आपटलेला, कुठल्याच कामावर न टिकणारा. जुन्नरला घरी वडिलांनी "आता काय ठरवलंयस?" असं विचारलं की मी पिशवी उचलायचो. त्या वेळी निघालो होतो अलिबागला, समुद्र बघायला. वाटेत कोपरखैरण्याला मावसबहीण शोभाताई राहायची. म्हटलं एक मुक्काम फुकटात होईल. अलिबाग मी आजतागायत पाहिलेलं नाही.

एसटीने माळशेजवरून कल्याण, तिथून ठाणे, आणि ठाण्याहून बस. तेव्हा तिकडे रेल्वे नव्हती. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो की दोन्ही हातांना कारखाने, आणि दर मैलाला वास बदलायचा. कुठे रंगाचा, कुठे सडक्या अंड्यासारखा. शेजारचा माणूस झोपेतच नाकावर रुमाल धरून होता, एवढी सवय.

शोभाताईचं घर म्हणजे बैठ्या घरांच्या रांगेतलं एक. दोन घरांत मिळून एकच भिंत, तीही पातळ. भावोजी तुर्भ्याच्या कारखान्यात पाळीवर. रात्री ताईने भात, बोंबलाची चटणी वाढली आणि मला बाहेरच्या खोलीत, त्या भिंतीला लागून अंथरूण घातलं.

पहाटे मी ताडकन उठून बसलो. भिंतीपलीकडे एक पुरुष ओरडला. एकच शब्द, तीनदा. आणि लगेच बाईचा रडण्याचा आवाज. साधं मुसमुसणं नाही, पोटातून. त्यात एका मुलाचाही आवाज मिसळला. ताई आतून आली ती शांतपणे चहाचं आधण ठेवायला.

"ताई, अगं तिकडे काहीतरी होतंय!"

"रोजचंच आहे. कोरियाची माणसं आहेत. नवरा मारतो तिला."

"आणि तुम्ही गप्प?"

"गप्प कुठे? अख्ख्या गल्लीने घरमालकाला सांगितलंय. रविवारी येणारे तो. समोरच्या देशमुखकाकू म्हणतात करणीबिरणी आहे, मला नाही वाटत. पण घर खाली करा म्हणावं. आपलीही पोरं आहेत ना इथे."

दिवसा भिंतीपलीकडचे लोक दिसले आणि मी आणखी गोंधळलो. पार्कसाहेब म्हणजे बारीक, चष्मेवाला माणूस, चर्चच्या कामासाठी देश सोडून आलेला. मुलगा मिन्जून शाळेच्या गणवेशात. धाकटी हाना दारातल्या पायरीवर बसून आमच्या गल्लीतल्या पोरींशी चक्क मराठीत भांडत होती, "माझा डाव हाय!" आणि तिची आई. तिला गल्लीत नाव नव्हतं, हानाची आई एवढंच. मला नंतर कळलं की त्यांच्यातही बाईला अशीच मुलाच्या नावाने हाक मारतात.

संध्याकाळी पार्कसाहेब आमच्या दारात. हिंदी बोलायचे, पण पुस्तकातून शिकलेली.

"कृपया, आप मराठी? कल हमारे साथ गाँव चलेंगे? हमारे चर्च के भाई का बेटा बीमार है। वे केवल मराठी बोलते हैं।"

मी नाही म्हणणार होतो. ताईने मला आत ओढलं. "जा तू. रिकामाच तर आहेस. आणि तिच्या हातापायावर वळ आहेत का बघून ये. रविवारी सांगता येईल."

म्हणजे मी गेलो दुभाषी म्हणून, आणि खरं म्हणजे हेर म्हणून.

त्यांची गाडी म्हणजे पांढरी व्हॅन, मागच्या काचांना निळे पडदे. तुम्हाला आठवत असेल तर त्या काळात पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा गावोगाव फिरायच्या, आणि प्रत्येक अफवेत गाडी पांढरीच असायची. हे त्या कुटुंबाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. पडदे कशाला, विचारलं तर हानाची आई म्हणाली, "धूप. हाना को उलटी।"

पहिला थांबा तळवली. घणसोलीजवळचं जुनं गाव, अरुंद बोळ, दारात वाळत घातलेली जाळी. पार्कसाहेबांनी गिटार काढली, हाना आणि मिन्जून हातवारे करत गायला लागले, आणि बघता बघता पोरं जमली. गाणं मराठीतच होतं, चाल मात्र कुठल्याशा परक्या देशाची. हानाची आई गोळ्या वाटत होती. मी तिच्या मनगटांकडे बघत होतो. वळ नव्हते. डोळ्यांखाली काळं होतं, तेवढंच.

मग एक बाई आली, तिने आपल्या पोराच्या तोंडात बोट घालून गोळी बाहेर काढली आणि त्याला दंडाला धरून घरात नेलं. दुसरी आली. एकामागून एक दारं लागली. एक माणूस व्हॅनभोवती फेरी मारून पडद्याआड डोकावला.

"काय रे, तू कुठला?" त्याने मला विचारलं.

"जुन्नरचा."

"यांच्याबरोबर कशाला फिरतोस? किती देतात?"

"काही नाही देत."

"मग येडा हायेस का?" तो हसला, पण गाडीचा नंबर त्याने मोठ्याने वाचला, दोनदा. पाठ करत होता. पार्कसाहेब मात्र वाकून वाकून त्याला नमस्कार करत होते.

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण भूक लागली होती, आणि नावड्याला जेवण आहे असं ते म्हणाले. माझे निम्मे प्रवास असेच झालेत.

महापेवरून शीळ फाटा, तिथून पनवेलच्या दिशेने. तळोज्याचे कारखाने सुरू झाले की समजा नावडे आलं. तिथे वसाहतीतल्या एका खोलीत शांतवनकाका राहायचे. नगरकडचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, बोलणं अस्सल आमच्या बाजूचं. "या पाव्हणं, बसा, पिठलं घ्या." भिंतीवर क्रूस नसता तर मामाकडे आल्यासारखंच वाटलं असतं. खाटेवर त्यांचा मुलगा पडून होता, तापाने फणफणलेला. दवाखान्यातून औषध आणलेलं होतं, पण ताप हटत नव्हता. म्हणून प्रार्थना.

जेवणं झाली, दार लोटलं, सगळे खाटेभोवती गुडघ्यांवर बसले. पार्कसाहेबांनी श्वास घेतला आणि ओरडले, "जुयो! जुयो! जुयो!"

तोच शब्द. भिंतीपलीकडचा.

आणि मग सगळे एकदम, आपापलं, मोठमोठ्याने बोलायला लागले. कुणी थांबेना, कुणी कुणाचं ऐकेना. जुयो म्हणजे 'हे प्रभू'. त्यांच्याकडे अशीच प्रार्थना करतात, पहाटे उठून, देवाला हाक मारून, रडत. पार्कसाहेबांचा हात बायकोवर उठलेला नव्हता, तो वर आकाशाकडे होता. मला हसू यायच्या बेतात होतं, आमची अख्खी गल्ली काय समजून बसलीय म्हणून. तेवढ्यात बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

मी खिडकीतून बघितलं. दारासमोर माणसं. वीसेक तरी, आणि वाढत होती.

"आत पोरगा हाय आजारी. काय करतात त्याला?"

"पांढरी गाडी हाय बघ. पडदे लावलेली."

"सोडू नका. आधी गाडी फोडा."

आत आवाज चालूच, त्यांना कडी ऐकूच गेली नव्हती. हाना तेवढी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून ओरडलो, "अहो, प्रार्थना चाललीय, प्रार्थना!" एक दगड गजावर आपटला. शांतवनकाका उठले, दार ढकललं, उघडेना. "मी हाय, शांतवन! पोरगं माझंच हाय!" पण काका तिथे नवे, बाहेरून आलेले कामगार. कोण ऐकतो? पार्कसाहेब गप्प झाले, मुलांना पोटाशी धरून भिंतीला टेकले.

एकटी हानाची आई थांबली नाही. डोळे मिटून, कपाळ जमिनीला टेकवून ती रडतच होती. सगळी खोली आणि सगळी गर्दी शांत झाली, आणि तो एकच आवाज उरला.

तेव्हा बाहेरून एका म्हातारीचा आवाज आला. "सरका रे. सरका म्हनते ना!" कडी निघाली. काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक आजी आत आली, गावातली, हातात माशांची रिकामी पाटी. तिने पोराच्या कपाळाला हात लावला, खोलीभर बघितलं आणि हानाच्या आईसमोर बसली.

"कनाला ररते गो? कोन गेला तुझा?"

मी म्हणालो, "आजी, कुणी गेलं नाही. हे रडणं नाही, त्यांची प्रार्थनाच अशी असते."

"तू गप रं. हे ररनं मला कलतं. विचार तिला."

मी पार्कसाहेबांना विचारलं, त्यांनी त्यांच्या भाषेत बायकोला. तिने कपाळ उचललं आणि थेट आजीकडे बघून म्हणाली, "मेरी माँ. एक महीना।"

मग तुटक हिंदीत तिने एकेक सांगितलं. तिची आई गेली होती. तार आली होती. ती गेली नाही, कारण देश सोडला की पुन्हा परवानगी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि मुलांची शाळा, काम, सगळं इथे. दिवसा ती गोळ्या वाटायची, गाणी म्हणायची. रडायची पहाटे, सगळे मोठ्याने बोलत असताना, म्हणजे कुणाला वेगळं ऐकू येऊ नये. पार्कसाहेब तिच्याकडे बघत राहिले. सासू गेल्याचं त्यांना माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

आजीने पाटी बाजूला ठेवली, तिला जवळ ओढलं आणि स्वतःच हेल काढला, "तुझी आय गेली गो बाय, तू लांब रायली..." दारातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुष हळूहळू पांगले. मघाशी "गाडी फोडा" म्हणणारा शांतवनकाकांना विचारत होता, पोराला पनवेलला न्यायचं का, त्याच्याकडे टेम्पो आहे.

परतताना प्रत्येक वळणावर मी मागे बघत होतो, कुणी येतंय का.

शोभाताईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "वळ नाहीत म्हणतोस?"

"नाहीत."

"पण रविवारी मालक यायचा आहे रे. गल्लीने सह्या केल्यात. मीसुद्धा."

मी दुसऱ्या दिवशी निघालो. पळालोच म्हणा ना. मालकाने त्यांना बाहेर काढलं तर ते बघायची माझी छाती नव्हती.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर तळवलीचं गाव जरूर बघा, जेवढं उरलं असेल तेवढं, आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा. मी सोबत काय आणलं? समुद्र नाही, एक आवाज आणला. अजूनही पहाटे शेजारी कुठे मोठ्याने बोलणं ऐकू आलं की आधी भीती वाटते, आणि मग ती आजी आठवते.

त्या रविवारी मी जुन्नरला ओट्यावर बसलो होतो. नाक्यावरच्या वाण्याने हाक मारली, "तुझा फोन आलाय, नवी मुंबईहून!" धावत गेलो. पलीकडे शोभाताई, धापा टाकत.

"दिल्या, मालक आलाय. अख्खी गल्ली दारात उभी आहे, हानाच्या आईने सामानही बांधलंय."

"मग?"

"अरे, मग काय! ती तुझी नावड्याची आजी आलीय. त्या शांतवनला घेऊन, पोरगंही बरोबर, ताप उतरलेला. फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि पिठलं बांधून आणलंय. सगळ्यांसमोर दारात बसली आणि म्हणते, आय जाऊन महिना झाला, दुखवट्याच्या घरी शेजारी कडू घास भरवतात, हिला अजून कुनी दिला नाय, तुमी कसले शेजारी?"

"आणि मालक?"

"तोही चप्पल काढून पंगतीत बसलाय. थांब, मला जायला हवं. माझ्याच घरातल्या ताटांत वाढतायत."