व्याह्यांच्या गणपतीचा तांबडा खडा

माणसाने तत्त्वासाठी वाटेल ते सोसावं, हे मला मान्य आहे. फक्त तत्त्व आपलं आणि साखरपुडा बहिणीचा, अशी वाटणी नसावी.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. बाबा मूर्ती घडवतात, आई रंगवते आणि मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिते. (यावरून घरात वाद होत नाहीत. हंगामात कुणाला भांडायला वेळ नसतो आणि हंगाम संपल्यावर कुणात भांडायचं त्राण नसतं.) यात दोष बाबांचाच. मूर्ती गुंडाळायला ते रद्दी आणत आणि त्या रद्दीत पत्रकांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघत: मिठागरातल्या मजुरांची, धरणग्रस्तांची, बुवाबाजीचा बुरखा फाडणारी! मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. पहिलीत बाईंनी 'न'वरून शब्द विचारला. कुणी नळ म्हणालं, कुणी नथ. मी उभी राहून म्हटलं, "निदर्शनं!"

तर त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. मुलगा दिलीप, अष्टमीचा, म्हणजे रोह्याच्या पुलापलीकडचा, कंपनीत नोकरीला. गणपती उरकले की पितृपक्षाच्या आत साखरपुडा करायचा असं ठरलं आणि होणाऱ्या व्याह्यांनी मोठ्या विश्वासाने आपल्या घरचा गणपतीही आमच्याच कारखान्यात सांगितला. बाबा महिनाभर त्याच्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू लग्न त्याच्याशीच लावायचं आहे.

आणि अशा वेळी आमची रोह्याची आत्या आपला डबा घेऊन पेणला आली.

आत्याचा डबा म्हणजे नानकटाईचा जुना पत्र्याचा डबा. त्यात कापसाच्या थरांवर तिने जमवलेले रंगीत खडे: हिरवे, निळे, मधाच्या रंगाचे, एक तर चक्क शिळ्या वरणाच्या रंगाचा. (तो तिचा दोन नंबरचा आवडता.) सगळ्यांत लाडका मात्र एक तांबडा. तिच्या शेजारच्या हलीमाबींचा नवरा आखातात नोकरीला. त्याने आणलेला तो खडा हलीमाबींनी आत्याला दिलेला. हलीमाबी त्याला याकूत, म्हणजे माणिक, म्हणायच्या, म्हणून आत्याही याकूतच म्हणायची. आत्याला मूलबाळ नाही. ताईवर तिचा जीव. हा याकूत नवऱ्या मुलाच्या अंगठीत बसवायचा म्हणून ती घेऊन आली होती.

माझं 'खडा आणि खोटेपणा' हे पत्रक नुकतंच छापून झालं होतं. त्याची शाई वाळली नव्हती आणि माझं डोकंही निवलं नव्हतं.

"आत्या, तुझा ग्रहांवर विश्वास आहे?" मी सुरुवात केली.

"नाय."

"मंगळ कोपतो, शनी छळतो, हे सगळं—"

"नाय म्हटलं ना गो. ग्रह गेले खड्ड्यात."

आता समोरचा मान्यच करत असेल तर पत्रकवाल्या माणसाने करायचं काय? माझ्याकडे ग्रहांविरुद्ध तब्बल आठ पानांचा मजकूर तयार होता!

"मग जमवतेस कशाला?"

"बघायला."

"बघायला? नुसतं बघायला?"

"व्हय. दुपारी भांडी झाली की डबा उघडायचा, उन्हात धरायचा. बरं वाटतं. तुला चांदणं बघायला कारण लागतं काय?"

हे उत्तर माझ्या पत्रकात कुठेच बसत नव्हतं, म्हणून मी ते ऐकलं नाही. मी म्हटलं, "हा सगळा किमतीचा आणि मोठेपणाचा खेळ आहे. खरा खडा आणि काचेचा खडा माणसाच्या डोळ्याला सारखाच!" आणि हे सिद्ध करायला मी जे केलं, ते पेणच्या बाहेर कुणाला करताच आलं नसतं. गणपतीच्या शेल्याला लावायचे लाल काचेचे खडे ताटात ओतून ठेवले होते. मी आत्याचा याकूत उचलला, त्या ताटात टाकला आणि ताट डाळ पाखडावी तसं हलवलं.

"ओळख!"

"अगो मेले, काय केलंस हे!"

"आत्या, आधी चष्मा लाव," ताई घाबरून म्हणाली.

"चष्मा कशाला? घरच्या माणसाला ओळखायला चष्मा लागतो व्हय?" आत्याने ताटावर दोनदा हात फिरवला, झटकन एक खडा उचलला, पदराला पुसला आणि डब्यात घातला. "हा बघ माझा याकूत. आणि तुझं ते पत्रक चुलीत घाल."

मी हरले. तत्त्वनिष्ठ माणसाने पराभव मोकळेपणाने स्वीकारावा, म्हणून मी ते ताट उचललं आणि तोंड फिरवून कारखान्यात निघून गेले.

तिथे आई रंगाने माखलेल्या हाताने हाक मारत होती. "व्याह्यांचा गणपती तेवढा राहिलाय. टेम्पो दारात उभा आहे. शेल्याचे खडे मी लावते, कपाळावरचा तू लाव. आणि जरा चांगला बघून लाव!"

मी ताटात पाहिलं. सगळे खडे सारखेच होते. त्यातल्या त्यात एक मला बरा दिसला. आतून निखारा फुंकल्यासारखा. तो लावला, गोंद वाळेपर्यंत बोटाने दाबून धरला आणि गणपती टेम्पोत बसून अष्टमीला गेला.

गणेशचतुर्थीच्या दुपारी आमचे नेहमीचे सोनार अण्णा प्रसादाला आले. आत्याने त्यांच्याकडे आदल्या दिवशीच खडा दिला होता. अण्णांनी मोदक फोडला, तूप घातलं आणि सहज म्हणाले, "आत्याबाई, तो खडा काच आहे हो."

आत्याच्या हातातली तुपाची वाटी कलंडली. "काच? माझा याकूत? तुमच्याकडे येईपर्यंत तर नव्हती काच!"

"म्हणजे? मी बदलला?"

"मी कुठे तसं म्हटलं? पण खडा काय आपल्या पायाने चालत गेला?"

अण्णा मोदक तसाच टाकून उठले. (आमच्याकडच्या मोदकावरून माणूस उठतो, म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल बघा!) बाबा त्यांच्या मागे धावले, आई बाबांच्या मागे. आणि मी? मी पाटावर उभी राहून कारखान्यातल्या बेशिस्तीवर बोलत होते. "जबाबदारीची जाणीव कुणालाच नाही! ताटातल्या खड्यांना कुणीही हात लावतं! आत्याने चुकून काच उचलली, म्हणजे खरा ताटातच राहिला. आता मला सांगा, ताटातला खरा खडा कुणी उचलला?"

बोलता बोलता माझ्या डोळ्यांसमोर निखारा आला.

मी पाटावरून हळूच खाली उतरले.

"काय झालं गो?" आत्याने विचारलं.

"तो... व्याह्यांच्या गणपतीच्या कपाळावर आहे."

ताईने भिंतीला टेकून डोळे मिटले. व्याह्यांचा गणपती दीड दिवसाचा! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडलिका नदीत विसर्जन. प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीच्या कपाळावरचा खडा उपटायचा, तोही होणाऱ्या सासूबाईंच्या देखत? आणि त्यांना सांगायचं तरी काय? की तुमच्या मुलाच्या अंगठीतला खडा धाकटीने शर्तीला लावला? तोवर परतलेले बाबा म्हणाले, "हे त्या घरात कळता कामा नये. ताईच्या आयुष्याचा प्रश्न आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जा. आणि तोंड उघडू नकोस."

दुसऱ्या दिवशी एसटीने मी आणि आत्या रोह्याला उतरलो. पूल ओलांडून अष्टमीत शिरलो, तर व्याह्यांच्या दारात ही गर्दी! मला वाटलं, बातमी आमच्या आधीच पोचली. तेवढ्यात ताईच्या होणाऱ्या सासूबाई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, लगबगीने पुढे आल्या.

"आलात? बघा तरी, तुमच्या गणपतीने काय केलंय!"

"काय केलं?" आत्याने पदर सावरत विचारलं.

"अहो, दिलीपची रातपाळी बंद झाली! मूर्ती पाटावर ठेवली आणि कंपनीतून निरोप आला. शेजारच्यांची शेळी चार दिवस हरवली होती, ती आरतीला दारात येऊन उभी! सगळे म्हणतायत, त्या कपाळावरच्या खड्यात काहीतरी हाय. बघाल तिथून डोळ्यांत भरतो!"

समोर मखरात आमचा गणपती आणि त्याच्या कपाळावर आत्याचा याकूत, समईच्या उजेडात असा काही झळकत होता की मीसुद्धा जरा वेळ बघतच राहिले. एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांसाठी नवस बोलत होते. एक बाई सुनेच्या स्वभावासाठी.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या प्रयोगातून मी एका दिवसात नवसाचा गणपती तयार केला होता!

माझ्या घशापर्यंत भाषण आलं. "मंडळी, ही निव्वळ..." एवढं बाहेरही पडलं. आत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य "...कृपा आहे" असं झालं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लाजिरवाणं वाक्य. काकूंनी कौतुकाने माझ्या हातावर आणखी प्रसाद ठेवला.

"सगळे उठले की काढू," आत्या कुजबुजली. सगळे उठले नाहीत. उलट वाढले. उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली, "पुढच्या वर्षी लवकर या" सुरू झालं, आणि आम्ही दोघी मिरवणुकीमागून कुंडलिकेच्या काठावर पोचलो तरी खडा जिथल्या तिथे! दिलीप धोतर खोचून पाण्यात उतरायला निघाला. आत्याने पदर तोंडाशी धरला आणि त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत राहिली, एसटीत बसवून दिलेल्या माणसाकडे बघावं तशी.

ते मला बघवेना. मी धावत जाऊन दिलीपच्या समोर उभी राहिले.

"थांबा! काच नदीत टाकायची नाही! मासे खडे गिळतात! कुंडलिका आपली आई आहे, आईच्या पोटात काच घालाल?"

(मासा खडा गिळतो की नाही, हे मला आजही नक्की माहीत नाही. पण भाषण एकदा सुटलं की सुटलं.)

माझा बेत साधा होता. दिलीप गणपतीचे खडे काढेल, मी ते सांभाळून ठेवते म्हणेन, संपलं. पण त्या दिवशी माझ्या वाणीला काय धार होती! पेणच्या सभेत समोर खुर्च्याच जास्त असतात, इथे अख्खा घाट ऐकत होता. एक मासे विकणारी बाई ओरडली, "बरोबर बोलतेय पोरगी! माझ्या माशात काच निघाली तर कोण घेल?" झालं! घाटावर जेवढे दीड दिवसाचे गणपती होते तेवढ्यांचे खडे लोकांनी भराभर काढायला घेतले. नखांनी, हेअरपिनांनी, एकाने तर किल्लीने. आणि सगळे आणून ओतले कुठे? काकूंच्या आरतीच्या ताटात! दिलीपनेही आमचा गणपती मोकळा केला आणि मूठ त्याच ताटात रिकामी केली.

ताट माझ्या हातात दिलं गेलं. शिगोशीग भरलेलं. निम्म्याहून जास्त लाल.

"ओळख," आत्या थंडपणे म्हणाली.

"तू ओळख. चष्मा लाव."

तिने चष्मा लावला, ताटात नाक खुपसलं. "सगळे सारखेच दिसतात गो!" आणि ती खरंच रडायला लागली.

मावळतीचं ऊन तिरपं ताटावर पडलं होतं. मी काही शोधत नव्हते. माझं बोट आपोआप एका खड्यावर गेलं.

"हा."

"नक्की?"

"हो."

"कशावरून?"

"अगं बघ ना, आत कसा पेटलाय! बाकीचे नुसते चमकतायत, हा बघत राहावासा..." मी थांबले.

आत्याने नाक पुसलं. "बोल, बोल. थांबलीस का? तुझ्या पत्रकात नाय काय हे?"

साखरपुडा ठरल्याप्रमाणे झाला. अण्णांची बाबांनी समजूत काढली आणि अंगठी त्यांनीच घडवली. ताईने ती दिलीपच्या बोटात घातली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या आणि काकू माझ्या कानाशी वाकल्या.

"कपाळावर जास्त शोभत होता गो."

माझ्या हातातला पेढा तिथेच थांबला. "काकू! तुम्हाला माहीत होतं?"

"काचेकडे माणूस इतका वेळ बघतो होय? आणि तुम्ही दोघी आल्यापासून नमस्कार करताना डोळे उघडे ठेवून होतात."

"मग घाटावर काही बोलला का नाहीत?"

"तू इतकं छान भाषण करत होतीस, मध्ये कशाला बोलू?"

'खडा आणि खोटेपणा'चे उरलेले गठ्ठे पुढच्या हंगामात बाबांनी मूर्ती गुंडाळायला वापरले. कागद चांगला आहे म्हणाले. अष्टमीच्या घाटावर मात्र आता दर वर्षी विसर्जनाआधी खडे काढतात, आणि ज्या मुलीचं लग्न जमत नाही तिने त्यातला एक तांबडा खडा "मासे वाचवा" म्हणत घरी न्यायचा, की वर्षाच्या आत जमतं, असा तिथे पक्का समज आहे. या खुळचट प्रथेविरुद्ध मी जळजळीत पत्रक लिहायला घेतलं आहे. लिहिताना समोर खड्यांचा डबा उघडा ठेवावा लागतो. (अभ्यासासाठी! आत्याच्या डब्याहून जरासा मोठा आहे, इतकंच.)