पायऱ्यांवरच्या दोन फळ्या
इथे सुरतेत हळदीचा वास आला की मला हिंगोलीच्या त्या सभागृहाच्या चार पायऱ्या आठवतात. आत अपंगांच्या दाखल्यांसाठी नावं पुकारून राहिले होते आणि चाकाच्या खुर्चीतली माझी बहीण बाहेरच अडकली होती. आज हुकलं तर पुढच्या शिबिराची वाट बघायची. सातवीत शाळा सोडलेला मी. कोणाला विचारायचं तेही सुचेना. पाठुंगळी घ्यायला वाकलो, तर ती म्हणाली, "सगळ्यांसमोर लेकरावानी न्हाई." शेजारी हळदीचा ट्रक भरणाऱ्या हमालानं ते ऐकलं आणि पोती चढवायच्या दोन फळ्या पायऱ्यांवर टाकल्या. "भिऊन काहून राहिले ताई, पोत्याहून जड हाय व्हय तुमी?" ती हसली. मी खुर्ची ढकलली. दारातूनच ती ओरडली, "हजर!" आम्ही बाहेर येईपर्यंत ट्रक गेला होता. आभार राहिलेच, अजूनही हमाल दिसला की मी त्याचा चेहरा बघत थांबतो.