मीटरबुवांची वांगी

सकाळी चहाच्या आधी विजेचं मीटर बघायला जाणारा माणूस मी तरी एकच पाहिला. लाखनीजवळच्या आमच्या गावात माझ्या बांधाला लागून त्यांचं वावर. कागदोपत्री नाव काही का असेना, गावासाठी ते मीटरबुवा.

दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस उभारून त्यात ढोबळी मिरची लावली, ती पुण्यात नोकरीला असलेल्या मुलासाठी. "परवडलं तर येतो बाबा, नोकरी सोडतो," असं तो बोलून गेला होता. बायको वारल्यापासून बुवा घरात एकटेच. भात टाकायचा तोही एका मुठीचा. त्या एका वाक्यावर ते जगत होते म्हणा ना.

शेजारच्या दहा गुंठ्यांत त्यांनी मुद्दाम उघड्यावर वांगी लावली, तुलना करायला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे विचारू नका. पॉलीहाऊसमधले पंखे अन् पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर दिवसभर चालत आणि मीटर पळत सुटे. वांग्यांना नहराचं पाणी पाटानं आपोआप येई. "वांग्याले पानी लागते अन् मी लागतो," बुवा म्हणत, "दोन्ही फुकटचे."

इथंच ते चुकले. वांग्यांचं निंदण, फवारणी, तोडणी सगळं स्वतः करत, भर उन्हात, कंबर धरून. ते हिशेबात नाही. मिरचीवर येणाऱ्या बायांची मजुरी मात्र पैन् पै धरलेली. मी एकदा म्हटलं, "बुवा, तुमचीही मजुरी धरा ना. पॉलीहाऊसच वर निघते."

"आपल्याच वावरात मी कायची मजुरी घेऊ? ते खोटं होते."

मी विषय सोडून दिला. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा.

हंगाम संपल्यावर मुलाचा फोन आला, तेव्हा आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो. बुवांना कमी ऐकू येई, म्हणून फोन मधे ठेवून मोठ्या आवाजावर लावलेला.

"काय बाबा, परवडते का?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो. बुवांनी एकदा हिशेबाच्या वहीत पाहिलं.

"नाही परवडत रे बाबू. वांगीच बरी."

पलीकडून आवाज आला, "मग ठीक आहे." बुवांनी त्याला वेळेवर जेवत जायला सांगितलं आणि उठून वांग्यांकडे गेले. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला.

यंदा बुवा गेले. सगळं आटोपल्यावर मुलगा बांधावर आला. "काका, खरंच परवडत नव्हतं का?" मी त्याला मजुरीचं सांगितलं.

"मी राजीनामा लिहून ठेवला होता," तो म्हणाला.

बुवा त्याला नाही म्हणाले तेव्हा फोन माझ्या हातापाशीच होता.