शांतक्काच्या दारातला चढ

कुलकर्णी सरांची मोटरसायकल शांतक्काच्या दारासमोर बंद पडली, तेव्हा मी मागच्या सीटवर होतो.

"मेस्त्री, तिकडे बघू नका," सर हळूच म्हणाले.

मी बघितलं. पाऊस लागला होता, दिवस मावळत होता, करंट गेलेला. दारात शांतक्का उभी होती. हातातल्या मोबाइलचा उजेड खालून तिच्या चेहऱ्यावर पडला होता. मागे गोठ्यात दोन म्हशींचे डोळे चमकत होते. सरांनी तीनदा सेल्फ मारला. इंजिन नुसतंच फिरलं.

"अण्णा, भिजताय. आत या," ती म्हणाली.

हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणू लागला. बऱ्याच वेळानं, आपोआप बिघडली तशीच गाडी आपोआप सुरू झाली.

"सोडलं तिनं," सर म्हणाले. "गेल्या महिन्यात मी तिच्या दुधाला पातळ म्हणालो होतो."

शांतक्का एकटी राहायची. नवनगरात घरोघर दूध घालायची. तिच्या दारात गाड्या बंद पडतात, पण सगळ्यांच्या नाही, ती माणूस बघून अडवते, असं त्या पावसाळ्यात सगळीकडे पसरलं होतं. मी हसण्यावारी नेत होतो. त्या संध्याकाळी मात्र माझ्याही अंगावर काटा आला.

मी सरांची गाडी माझ्या गॅरेजमध्ये ठेवून घेतली. शटर ओढलं, दिवे बंद केले, इंजिन चालू ठेवून प्लगवर पाणी शिंपडलं. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. ती पाडतो प्लग. त्याला जाड वायरीतून करंट येतो आणि वायरीच्या टोकाला रबराची टोपी असते, ती प्लग कॅप. कॅपमध्ये पाणी गेलं की करंट प्लगच्या आत न जाता बाहेरूनच पळतो. अंधारात तो दिसतो. निळी रेघ कॅपवरून सरपटत इंजिनवर उतरत होती, आणि टिक टिक असा बारीक आवाज. मी रेस वाढवली, तसं इंजिन अडखळलं आणि मेलं. गरम इंजिननं पाणी सुकवलं, तेव्हा पुन्हा सुरू झालं.

शांतक्काच्या घराअलीकडे रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचतं. तिच्या दारातून चढ लागतो. सपाटीला ओला प्लग कसाबसा चालतो, चढाला इंजिनवर जोर आला की दगा देतो. म्हणून तिचंच दार.

पण काहींच्याच गाड्या का?

बॅटरी लावून मी पुढचं चाक बघितलं. मडगार्डच्या खालच्या टोकाला बोल्टांची दोन भोकं रिकामी होती. तिथं रबरी फ्लॅप असतो. चाकानं उडवलेलं पाणी तो प्लगवर येऊ देत नाही. अमरगोळ गावाच्या पुढं काळी माती आहे. ओली झाली की फ्लॅपला चिकटून मडगार्डमध्ये भरते, चाक जाम होतं. त्यावर पावसाळ्यात फ्लॅप काढून टाकायचा उपाय माझाच. बंद पडलेल्या गाड्या मी एकेक आठवल्या. सगळ्या माझ्या गिऱ्हाइकांच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शांतक्का दुधाची किटली घेऊन गॅरेजवर आली. किटली भरलेलीच होती.

"मेस्त्री, कुणी दूध घेईना. तुम्ही गाड्या खोलता. खरं सांगा, काय होतं त्यांना?"

"पावसात गाडीचं काही सांगता येत नाही, अक्का."

"माझ्या दारातच?"

मी सुताच्या वेस्टनं हात पुसत राहिलो. "हौद री," म्हणजे 'होय हो', असं ती कानडीत म्हणाली आणि गेली.

खरं सांगितलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं. एवढंच कारण होतं. त्याहून मोठं काही नव्हतं.

दसऱ्याच्या आधी तिनं म्हशी विकल्या आणि अळणावरला भावाकडे गेली. त्यानंतर मला झोप लागेना. सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक गाडीला मी गुपचूप फ्लॅप बसवले, कॅपमध्ये पाणी शिरू नये म्हणून सिलिकॉन ग्रीस भरलं. पुढच्या पावसाळ्यात तिथं एकही गाडी बंद पडली नाही.

लोक म्हणाले, बघा, ती गेली आणि थांबलं.

माझ्या दुरुस्तीनंच तिच्यावर शिक्का बसला. आता गॅरेज कायमचं बंद केल्यावर मी यंदा अळणावरला गेलो. सगळं सांगितलं. शांतक्का भावाच्या ओसरीवर शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत.

"मला कशाला सांगता, मेस्त्री? मी काही करत नव्हते हे मला ठाऊकच होतं. नवनगरात सांगा."

परत येऊन पहिल्यांदा कुलकर्णी सरांना सांगितलं. फ्लॅप, कॅप, चढ, सगळं कागदावर काढून दाखवलं. सरांनी मान डोलावली.

"ते बरोबर आहे हो," ते म्हणाले. "पण ती गेल्यावरच थांबलं ना?"

म्हणून हे लिहितोय. मडगार्डचा फ्लॅप काढू नका. माती अडकली तर खाली उतरून काडीनं काढा.